उजळाईवाडीची धावपट्टी समोर दिसत असताना

हवेत इंजिन बंद पडलेल्या विमानाचं हे प्रकरण प्रत्यक्ष घडलेलं नाही. विमान चालवायला शिकणाऱ्यांपुढे ठेवायला मी ते रचलं आहे. विमानाचे आकडे त्याच्या पुस्तकातले आहेत, शिवार कोल्हापूरच्या पूर्वेचं आहे आणि त्यातली चूक कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) विमानात कुणाच्याही हातून होईल अशी आहे. वर्गात हे प्रकरण सांगितलं की पहिल्या पाच मिनिटांत निम्मी पोरं विमान चालवणाऱ्या पुतण्याच्या बाजूची होतात आणि निम्मी शेजारी बसलेल्या काकांच्या. म्हणून ते सविस्तर लिहितो.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेलेला, सकाळी ऊन आलेलं, पण हवेत दमटपणा भरपूर. सोलापूरहून कोल्हापूरला एक खासगी सेसना १७२ येतंय. जुनं, कार्बोरेटरचं मॉडेल, चार आसनांचं. डाव्या खुर्चीत सत्तावीस वर्षांचा पुतण्या, खासगी वैमानिकाचा परवाना असलेला. उजव्या खुर्चीत काका, विमानाचे मालक. कोल्हापुरात फौंड्री आहे. परवाना नाही, पण विमानाबद्दलची मतं पुतण्यापेक्षा जास्त. मागची दोन आसनं रिकामी, इंधन पुरेसं.

जयसिंगपूर मागे पडल्यावर पुतण्यानं थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतलं आणि साडेसहा हजार फुटांवरून साडेचार हजारांवर उतरायला लागला. कार्बोरेटरला गरम हवा देणारा कार्बोरेटर हीटचा नॉब मात्र आतच, म्हणजे बंदच, राहिला. साडेचार हजारांवर विमान सपाट करून त्यानं थ्रॉटल पुढे केलं, तेव्हा मागितलेल्या तेवीसशे आरपीएमपैकी दोन हजारच मिळाले. इंजिनाचा आवाज जड झाला. त्यानं हीटचा नॉब बाहेर ओढला. आरपीएम आणखी पडले, सतराशेवर आले आणि इंजिन असं थरथरायला लागलं की पॅनेलवरच्या काचा वाजल्या.

"अरे काय केलंस? ढकल ते आत!" काका ओरडले.

त्यानं ढकललं. थरथर जरा थांबली. वीसेक सेकंदांनी इंजिननं दोन आचके दिले आणि त्याचा जोर गेला. पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला. विमान तेव्हा पट्टणकोडोलीच्या शिवारावर होतं आणि नाकासमोर, सात किलोमीटरवर, उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी स्वच्छ दिसत होती.

आधी इंजिनाचं बघू, कारण पोरांना तिथंच कोडं पडतं. बाहेर वीस-बावीस अंश तापमान असताना बर्फ कुठून आला? कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते तेव्हा तिचा दाब आणि तापमान घटतं. त्यात पेट्रोलची वाफ होते, ती आणखी उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी गार होतं तेही बाष्पीभवनानंच, पण इथे घट कितीतरी मोठी, वीस अंश किंवा त्याहून जास्त. हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी गळ्याच्या भिंतीवर आणि थ्रॉटलच्या पाकळीवर गोठायला लागतं. थ्रॉटल मागे असताना पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि थोड्या बर्फानंही वाट बुजते. म्हणून उतरताना धोका जास्त. पुतण्यानं सगळा बर्फ त्या चार मिनिटांच्या उतरणीत जमवला. इंजिन कमी जोरावर असल्यानं त्याला ते जाणवलंही नाही.

हीटचा नॉब ओढला की एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा कार्बोरेटरमध्ये येते. गरम हवा विरळ असते, म्हणून आरपीएम आधी पडतात. मग बर्फ वितळतो, त्याचं पाणी इंजिनात जातं आणि इंजिन खोकतं. थोडा वेळ कळ काढली तर आरपीएम वर यायला लागतात. म्हणजे औषध लागू पडतंय याची खूण हीच, की रोगी आधी जास्त बिघडतो. काकांनी नेमक्या त्याच क्षणी नॉब आत ढकलायला लावला. आणि इंजिन पूर्ण बंद पडल्यावर नॉब पुन्हा ओढून फारसा उपयोग नाही, कारण एक्झॉस्ट गार व्हायला लागतो आणि गरम हवाच उरत नाही.

पुतण्यानं तरीही पुस्तकाप्रमाणे सगळं केलं. वेग ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर), कार्बोरेटर हीट बाहेर, इंधनाचा कॉक दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण पुढे, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची किल्ली दोन्हींवर, प्रायमर (इंधनाचा छोटा हातपंप) आत आणि अडकवलेला. इंजिन आलं नाही. यात चाळीस सेकंद गेली, साधारण पाचशे फूट उंची गेली आणि विमान एक किलोमीटर पुढे आलं.

आता हिशेब. उंची दाखवणारा अल्टिमीटर सुरुवातीला ४५०० दाखवत होता. काकांच्या डोक्यात हाच आकडा होता, आणि साडेचार हजार फूट म्हणजे पुष्कळ वाटतात. पण अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून मोजतो आणि कोल्हापूरचा विमानतळच जवळपास दोन हजार फुटांवर आहे. पायाखाली खरी उंची अडीच हजार फूट. मुंबईच्या किनाऱ्यावर शिकून आलेली पोरं इथं हमखास फसतात.

इंजिन नसताना सेसना १७२ ६५ नॉटवर ठेवलं तर एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. अडीच हजार फुटांतून ते शांत हवेत पावणेसात-सात किलोमीटर जाईल. धावपट्टी सात किलोमीटरवर! कागदावर विमान कुंपणाला टेकतंय. प्रकरण रचताना मी हे अंतर मुद्दाम असं घेतलं. बारा किलोमीटर असतं तर कुणीच तिकडे निघालं नसतं.

पण हवा शांत नव्हती. समोरून, पश्चिमेकडून पंधरा नॉटचा वारा होता. हवेतून विमान ६५ नॉटनं जातंय, जमिनीवरून मात्र ५० नं. मिनिटाला सुमारे ७३० फूट उंची जातेय, म्हणजे अडीच हजार फूट साडेतीन मिनिटंही पुरत नाहीत. तेवढ्या वेळात जमिनीवरून सव्वापाच-साडेपाच किलोमीटर होतात. एक सेकंदही न दवडता सरळ निघाला असता तरी पुतण्या दीड किलोमीटरहून जास्त कमी पडला असता. चाळीस सेकंदांनंतरचा हिशेब असा: उंची दोन हजार फूट, आवाक्यात चार किलोमीटरच्या वर थोडं, धावपट्टी अजून सहा किलोमीटर. समोरच्या वाऱ्यात वेग थोडा वाढवला तर पल्ला किंचित सुधारतो हे खरं, पण त्यानं पावणेदोन किलोमीटरची तूट भरत नाही. आणि तुटीच्या जागी तामगावची घरं, विजेच्या तारा आणि रस्ते आहेत.

वाया गेलेल्या सेकंदांची किंमत मोठ्या विमानातही मोजली गेली आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेनं दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस ए-३२० हडसन नदीवर उतरलं आणि विमानातले सगळे १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर तोच प्रसंग उभा केला तेव्हा धडकेनंतर लगेच वळून ला गार्डिया विमानतळ गाठणं काही वैमानिकांना जमलं. परिस्थिती समजून घेऊन निर्णय करायला माणसाला लागतो तो वेळ म्हणून ३५ सेकंद धरले, तेव्हा ते जमलं नाही. माझ्या प्रकरणात तर वळायचंही नव्हतं, धावपट्टी नाकासमोर होती, आणि तरी उत्तर नाहीच होतं.

गणित करायला विमानात कुणाला वेळ नसतो आणि त्याची गरजही नाही. काच पुरते. वेग कायम ठेवायचा आणि धावपट्टीचं अलीकडचं टोक समोरच्या काचेत कुठं आहे ते बघायचं. टोक काचेत वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडेच पडणार. खाली सरकत असेल तर वरून निघून जाणार. हलत नसेल तर बरोबर तिथं पोचणार. पुतण्यानं दहा सेकंद बघितलं, टोक वर सरकत होतं.

"अरे विमानतळ दिसतोय की समोर. सरळ घे!" काका म्हणाले.

"नाही पोचत, काका."

"पोचतं की! नाक जरा वर धर."

नाक वर धर, हा सल्ला विमानात न बसलेला माणूसही देतो, कारण नजरेला तो पटतो. वर बघायचं तर वर धरायचं. पण ६५ च्या खाली वेग गेला की विमान पुढे जाण्याच्या मानानं जास्त खाली बसायला लागतं, पल्ला वाढायच्या ऐवजी घटतो. नाक आणखी ओढलं तर ४५ नॉटच्या आसपास पंखांचा आधारच सुटतो, आणि तो चारशे फुटांवर सुटला तर सावरायला जागा नसते. अशा अपघातांत माणसं मरतात ती पुष्कळदा याच टप्प्यावर. इंजिन बंद पडल्यानं मरत नाहीत.

"काका, पट्टा आवळा. चष्मा काढून खिशात ठेवा. मी सांगेपर्यंत बोलू नका." घरात जो माणूस काकांपुढे खुर्चीवर बसत नाही, त्यानं हे म्हणायचं. प्रकरणाचा सगळा भार या तीन वाक्यांवर आहे असं मी मानतो. कोल्हापूरकडच्या एकत्र धंद्याच्या घरात वाढलेल्या पोराला हे किती जड जातं ते वेगळं सांगायला नको. मालक शेजारी बसला असला तरी विमानाचा कप्तान परवानाधारकच असतो, हे निघायच्या आधी जमिनीवर बोलून ठेवलं असतं तर हवेत तीन वाक्यं कमी लागली असती.

मग त्यानं विमानतळाच्या टॉवरला मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, दिला: विमानाचं नाव, इंजिन बंद, पट्टणकोडोलीजवळ शेतात उतरतोय, दोन माणसं. रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७००, हा संकटाचा आकडा. एवढंच. टॉवर आधीपासून बोलण्यात होताच, त्यामुळे रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची वारंवारता शोधत बसायचं कारण नव्हतं.

आता कुठं उतरायचं? वर्गात इथं खरी मजा येते, कारण पोरं शेतकऱ्यांची असतात.

रस्ता सगळ्यांना आधी सुचतो. सेसनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत अकरा मीटर आहेत. हुपरीकडच्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडं, खांब, मधूनच आडव्या गेलेल्या तारा, आणि दुचाकीवरचा माणूस वर बघत नाही. पंचगंगा उत्तरेला आहे, पण ती ऑक्टोबरमध्ये भरलेली असते, आणि खाली पक्की चाकं असलेलं विमान पाण्याला लागताच उलटायची शक्यता मोठी. गावाजवळचं मोकळं मैदान वरून एकदम झकास दिसतं. पण पट्टणकोडोलीत विठ्ठल-बिरदेवाची यात्रा याच सुमारास भरते. त्या दिवसांत ते मैदान म्हणजे माणसं, मेंढरं आणि भंडारा. तिकडे नाक वळवायचंच नाही.

ऊस. चहूकडे ऊसच असतो. आडसालीचा ऊस या वेळी दहा-बारा फूट उभा असतो, वरून एकसारखा सपाट वाटतो, आणि मऊ वाटतो हे तर आणखी वाईट. दुसरं काही नसेल तर उसात उतरता येतं: शेंड्यांनाच जमीन समजायचं, वेग कमीत कमी करायचा आणि विमान त्यावर बसवायचं. पण एक पंख आधी अडकला की विमान गरकन फिरतं, आणि आत बसलेलं विमान बांधावरून कुणाला दिसत नाही. जखमी माणसाला सरीतून बाहेर आणायला किती वेळ लागेल, हे ऊसतोड बघितलेल्या पोरांना विचारावं.

राहिलं सोयाबीनचं रान. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बरीच काढणी झालेली असते. हिरव्या शिवारात अशी रानं करड्या-पिवळ्या तुकड्यांसारखी उठून दिसतात. पुतण्याला उजव्या हाताला, दीड किलोमीटरवर असं एक रान दिसलं. लांबी दोनशे मीटरच्या पुढे, पूर्व-पश्चिम, म्हणजे तोंड वाऱ्याकडे. मधे बांध नाही. एका कोपऱ्यात मळणी यंत्र आणि काडाची गंजी. पलीकडच्या एका गुऱ्हाळाचा धूर पूर्वेकडे आडवा जात होता, म्हणजे जमिनीवरही वारा पश्चिमेचाच. गुऱ्हाळांचे दिवस असले की या भागात वाऱ्याचा याच्याइतका खात्रीचा दाखला दुसरा नाही. विमानतळावरचा वारा टॉवर सांगतो, शिवारातला धूर सांगतो.

तारा मात्र दिसत नाहीत. हजार फुटांवरून विजेची तार कुणालाच दिसत नाही, म्हणून खांब शोधायचे. खांब नसतील तर विहीर शोधायची, कारण विहिरीवर मोटर असते आणि मोटरला लाईन आलेली असतेच. विहीर रानाच्या पूर्व कडेला होती. म्हणजे येताना तारांवरूनच यायचं. हे त्याला आठशे फुटांवर कळलं, तीनशेवर नाही, म्हणून प्रकरण पुढे सरळ गेलं.

रानाच्या दक्षिणेनं जाऊन, रान खिडकीत सतत दिसत राहील असं तो पूर्वेकडे वळला. टेकायच्या जागेच्या बरोबर बाजूला असताना हजार फूट असावेत असा त्याचा बेत होता, मिळाले नऊशे. पाठीवर वारा असल्यानं विमान भराभर रानापासून लांब जात होतं, म्हणून त्यानं वळण लवकर घेतलं. शिकाऊ पोरं इथं उशीर करतात आणि तारांत जातात. त्यानं नेम रानाच्या सुरुवातीवर धरला नाही, एक तृतीयांश आत धरला. नेम चुकलाच तर पलीकडच्या बांधाला वीस नॉटनं लागणं परवडतं. अलीकडच्या तारेला साठनं लागणं परवडत नाही.

पोचतो ही खात्री झाल्यावरच फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या. आधी दहा अंश, तारा ओलांडल्यावर पूर्ण. या विमानात फ्लॅप विजेवर चालतात. घाईत आधी विजेचा मुख्य, म्हणजे मास्टर स्विच बंद केला तर फ्लॅप आहेत तिथं अडकतात. म्हणून क्रम असा: मिक्श्चर मागे ओढून बंद, इंधनाचा कॉक बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप हवे तेवढे खाली आले की मगच मास्टर. दोन्ही दारं किलकिली करून मधे काहीतरी अडकवायचं, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार जाम होत नाही. काकांनी आपली चप्पल दिली. न बोलता दिली, हे नोंदवून ठेवतो.

विमान नाक थोडं उचलून मुख्य चाकांवर टेकलं. हवेतला वेग ४५ नॉट, जमिनीलगत वारा कमी, समोरून दहा नॉटचा, म्हणजे जमिनीवर ३५, ताशी पासष्ट किलोमीटर. तेच ६५ नॉटनं आणि वारा पाठीवर घेऊन टेकलं असतं तर जमिनीवरचा वेग ७५ झाला असता आणि मोडतोड करणारी ऊर्जा साडेचार पट, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. थांबायला अंतर फार लागतं असंही नाही. ताशी ऐंशी किलोमीटरवरून नऊ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) इतक्या एकसारख्या झटक्यानं थांबायला गणितानं तीन मीटर पुरतात, आणि खांद्याचा पट्टा लावलेला माणूस त्यातून वाचू शकतो. त्यामुळे रान छोटं असणं चालतं, वेग जास्त असणं चालत नाही.

रात्रीच्या पावसानं काळी जमीन ओली होती. चाकं धसकटांतून रुतत गेली आणि सव्वाशे मीटरवर पुढचं चाक पाण्याच्या दंडात अडकून त्याचा पाय मोडला. नाक खाली आलं, पंखा वाकला. दोघं दारातून बाहेर आले. काकांच्या एका पायात चप्पल नव्हती.

मळणीवरची माणसं धावत आली. "लागलं काय ओ कुठं?" हा पहिला प्रश्न, आणि मागून कुणाच्या तरी तोंडात बिडी. पेट्रोलचा वास येत असताना आधी ती विझवायला सांगायची, मग आभार मानायचे. ११२ ला फोन, पोलीस पाटलांना निरोप, विमानाभोवती दोरी. माणसं बाहेर काढण्यापुरतं सोडून काही हलवायचं नाही, तपास करणाऱ्यांना नॉब, कॉक, किल्ल्या जशा आहेत तशा हव्या असतात. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेगळा होतो. सोयाबीन निघालेलं असल्यानं तो छोटा. उसात उतरला असता तर मोठा झाला असता, एवढंच.

वर्गात शेवटी कुणीतरी विचारतंच: वारा उलटा असता तर? तर उत्तर उलटं. पाठीवर पंधरा नॉट असते तर अडीच हजार फुटांतून आठ किलोमीटरच्या पुढे जाता आलं असतं, धावपट्टी आवाक्यात होती आणि सोयाबीनच्या रानात जाणं हा मूर्खपणा ठरला असता. फक्त टेकताना वेग जास्त असता. काचेतलं टोक तेव्हाही बघावंच लागलं असतं.

आता तपासाचा भाग. अपघाताच्या चौकशीत इंजिन उघडतात, इंधन तपासतात, मॅग्नेटो बघतात. या प्रकरणात सगळं ठीक सापडतं. दुसरा पंखा बसवून पाहिलं तर इंजिन एका झटक्यात चालू होतं. बर्फ तर रानात थांबल्यावर काही मिनिटांतच वितळून गेलेला, त्याचा थेंबही उरत नाही. उरतं ते त्या सकाळचं तापमान आणि दवबिंदू, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायला अनुकूल, आणि दोन माणसांचे जबाब. हीटचा नॉब शेवटी बाहेर ओढलेला सापडतो, पुस्तकाप्रमाणे. तो आधी ओढून पुन्हा आत ढकलला होता हे विमानात कुठंच लिहिलेलं नसतं. ते पुतण्यानं सांगायचं, आणि काकांनीही, वेगळ्या खोलीत.